नोव्हेंबर २०२०चे शून्य तास

शनिवार, ११ जानेवारी २०२५. बॉबलिंगेन, जर्मनी.

घडलं ते असं. फक्त तथ्यं.

१. मार्च २०२०मध्ये करोनामुळे सरकारने रेस्टॉरंटं बंद केली. श्यामकांतकाकाचंही.
२. काकाने तिन्ही कामगारांना कुर्त्सआर्बाइटवर टाकलं. म्हणजे माणूस काढायचा नाही, त्याचे तास कमी करायचे. बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा सरकार देतं, आणि मालकाने भरायचे सोशल इन्शुरन्सचे हप्तेही त्याला परत करतं.
३. मे महिन्यात उघडलं. २ नोव्हेंबरला पुन्हा बंद; १ तारखेला रविवार, सुट्टीच. बसून खायला बंदी, पार्सलला परवानगी, पण काकाने तेही बंद ठेवलं.
४. नोव्हेंबरसाठी काकाने तिघांचे तास शून्य कळवले. पैसे आले. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं: तात्पुरते, नंतर तपासू.
५. नंतर म्हणजे आता. नोव्हेंबरमध्ये कोण किती तास कामावर होतं याचे तक्ते आम्टने, म्हणजे रोजगार कार्यालयाने, मागवलेत. मुदत ३१ जानेवारी.
६. पत्र २७ डिसेंबरला आलं. काकाने ते फ्रीजवर मॅग्नेटखाली लावलं आणि दोन आठवडे त्याच्याकडे बघत चहा प्यायला.
७. आज मी ते वाचलं आणि म्हणाले, मी करते. दोन वीकेंड.

काका एकोणसत्तर वर्षांचा आहे. गुडघे गेलेत. १ एप्रिलपासून रेस्टॉरंट भास्करदादा घेणार, जो तिथे बारा वर्षं स्वयंपाकी आहे. बँक त्याला कर्ज द्यायला तयार आहे, पण ही तपासणी निकालात निघाल्याचा कागद आधी हवा. घरमालक हेर क्नोडलर ३१ मार्चपर्यंतच थांबणार. त्यानंतर जागा जुगाराच्या मशीनवाल्याला. थोडक्यात, सगळं एका कागदावर अडलंय, आणि कागद ही माझी स्ट्रेंग्थ आहे.

काकाने विचारलं, की आपल्या श्टॉयरबेराटरीनला, फ्राउ हेगेलेंना, सांगायचं का? त्या वीस वर्षं हिशेब बघतात. मी नको म्हणाले. टॅक्स सल्लागार कायदा मोठ्याने वाचून दाखवतात. वाचता मलाही येतं. मी दिवसभर भिंगं मोजते, मायक्रॉनच्या खाली. इथे तर मोजायचे आहेत तास.

संकल्प: अ) भावनिक व्हायचं नाही. ब) काम संपेपर्यंत काकूकडे जेवायचं नाही. हितसंबंध नकोत.

रविवार, १२ जानेवारी. सकाळी १०:३०.

काम सुरू. प्रश्न बायनरी आहे. सरकारी बंदी होती का? होती. म्हणजे काम बुडालं. म्हणजे पात्र. बाकी तपशील फक्त सजावट.

मालिनीकाकूची मुलाखत घेतली. प्रश्न: नोव्हेंबर २०२०मध्ये कोणी काम केलं? काकू म्हणाली, की कुणीच नाही गं, खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या, बघून रडू यायचं. फक्त फराळ केला, बाकी काही म्हणजे काही नाही.

नोंद केली. काम: नाही. फराळ: विषयाशी संबंध नाही.

भास्करदादाला विचारायला गेले तर तो कांदे चिरत होता. म्हणाला, की ओ इंजिनिअरबाई, त्या महिन्याचं जरा नीट विचारा मला. मी म्हणाले, काकूंकडून माहिती मिळाली आहे, दोन स्रोत घेतले की विसंगती येते. त्याने मान फिरवली आणि पुढचा कांदा घेतला. कांद्यामुळे असावं.

संकल्प ब: दोन थालीपीठं खाल्ली. उभ्याने. उभ्याने खाल्लेलं जेवणात धरत नाहीत.

शनिवार, १८ जानेवारी.

तक्ते तयार. तीन माणसं, तीस दिवस, नव्वद चौकोन. नव्वद शून्यं. इतका स्वच्छ डेटा मी ऑफिसात कधी पाहिलेला नाही.

पण नुसती शून्यं भकास दिसतात. तपासणाऱ्याला वाटेल घाईत भरलीत. हा व्यवसाय किती शिस्तीत चालतो ते दाखवणारं काही सोबत हवं. काकाचं कपाट उघडलं. बिलं बिर्याणीच्या डब्यात. करार वर्तमानपत्रात. एकच वस्तू नीट: तळणीची वही. अन्न तपासणीवाल्यांसाठी फ्रिट्यूजच्या, म्हणजे तळणयंत्राच्या, तेलाची नोंद ठेवावी लागते. तारीख, वेळ, तापमान, तेल बदललं की नाही, सही. सही बहुतेक ठिकाणी भास्करदादाची. अक्षर सुंदर. मला वाटलं नव्हतं.

नीना, म्हणजे चुलत बहीण, वय एकोणीस, दारात येऊन उभी राहिली. तिला मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिचं म्हणणं असं, की दोन पानं मागितली असताना आख्खी वही कोण देतं. मी तिला सांगितलं, की पुरावा कधी जास्त होत नाही. ती आल्झो, म्हणजे बरं मग, एवढंच म्हणाली आणि गेली. पुढची पिढी.

रविवार, १९ जानेवारी. दुपारी ४:४०.

वहीचं पूर्ण विश्लेषण केलं. २०२०च्या सगळ्या नोंदी. सरासरी तापमान १७४.६ अंश, प्रमाण विचलन २.१. स्वयंपाकी माणसाकडून अविश्वसनीय. आलेख काढला. नोव्हेंबरमध्ये विचलन सर्वांत कमी आहे, १.३. म्हणजे त्या महिन्यात त्याचा हात अगदी बसलेला होता. हे निरीक्षण मी खास पान ४१वर चौकटीत टाकलंय.

अपलोड केलं. चौसष्ट पानं. आम्टने दोन मागितली होती.

काकाला फोन केला. दोन वीकेंड म्हणाले होते, दोन वीकेंडमध्ये झालं. काकाने विचारलं, की हेगेलेबाईंना एकदा दाखवायला हवं होतं का? मी म्हणाले, झालं गेलं. काकू मागून ओरडली, की अहो, पोरीला जेवायला बोलवा! नाही म्हणाले. संकल्प. मग गेले, कारण नाही म्हटल्यावर पुन्हा बोलावणं हा अपमान ठरतो की नाही याबद्दल खात्री नव्हती.

मंगळवार, २८ जानेवारी.

आम्टकडून काही नाही. चांगलं लक्षण. हरकत असती तर कळवली असती.

भास्करदादाने रेस्टॉरंटचं नवीन मेन्यूकार्ड करायला घेतलंय. चौऱ्याऐंशी पदार्थ, सगळे एकाच लाल ग्रेव्हीतले, त्यातले साठ काढणार आहे. शनिवारी मराठी थाळी ठेवणार. जर्मन लोकांना भरलं वांगं कसं समजावणार, असं विचारलं. म्हणाला, की खाऊ घालून. पुढे विचारलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

आम्टचं पत्र. अर्धं पान. अत्यंत सभ्य.

तुमच्या तक्त्यांनुसार नोव्हेंबर २०२०मध्ये तिन्ही कर्मचाऱ्यांचे तास शून्य आहेत. तुमच्याच जोडपत्र ७नुसार, म्हणजे तळणीच्या वहीनुसार, ६ ते १२ नोव्हेंबर रोज सकाळी ६:१० ते दुपारी ४च्या दरम्यान कर्मचारी भास्कर पाटील यांनी तेलाच्या एकूण ४९ नोंदींवर सही केली आहे. पान ४१वरील चौकटीबद्दल आभार. कृपया खुलासा करावा.

मी शांत आहे. नाडी ९६.

वही पुन्हा पाहिली. मी तापमानाचा रकाना वाचत होते. तारखेचा रकाना त्याच्या डावीकडे आहे. मोजणाऱ्याने एका वेळी एकच राशी मोजायची असते, हे प्रथम वर्षात शिकवतात.

रविवार, ९ फेब्रुवारी.

स्वयंपाकघरात बैठक. उपस्थित: काका, काकू, भास्करदादा, मी. नीना ओट्यावर बसून केळं खात.

उलगडा: दिवाळीचा फराळ. २०२०ची दिवाळी १४ नोव्हेंबरला. लॉकडाऊनमुळे कोणी भारतात जाऊ शकत नव्हतं, कुरिअर बंद, घरोघरी सगळे एकटे. काकूने मराठी ग्रुपवर लिहिलं, की यंदा फराळ मी करते. स्टुटगार्ट, झिंडेलफिंगेन, ट्युबिंगेन, सगळीकडून मागण्या. दोनशे बारा डबे. सात दिवस काकूसोबत तिन्ही कामगार स्वयंपाकघरात. चकली, चिवडा, शंकरपाळे, करंज्या.

एक डबा मला येनाला पोस्टाने आला होता. तेव्हा मी तिथे मास्टर्स करत होते, होस्टेलवर, मजल्यावर एकटी. चकल्या २३, त्यातल्या ४ मोडलेल्या. त्या दिवशी संध्याकाळी संपल्या. हे आम्टला कळवण्याची गरज नाही.

मी काकूला विचारलं, की तू मला सांगितलं का नाहीस? काकू म्हणाली, की सांगितलं की! फराळ केला म्हणाले होते. पण फराळ म्हणजे काय काम असतं का गं? ते सणाचं असतं. काम म्हणजे बटर चिकन.

काका म्हणाला, की मालिनी, डबे पैसे घेऊन दिले होते. काकू म्हणाली, की अहो, तुपाचा खर्च तरी निघायला नको?

भास्करदादा म्हणाला, की म्हणून तर म्हणत होतो, मला नीट विचारा.

नीनाने एक शब्द उच्चारला: पाइनलिश. लाजिरवाणं. कोणासाठी ते स्पष्ट केलं नाही.

काका उठला. फ्राउ हेगेलेंना फोन करतो, म्हणाला. मी त्याला बसवलं. परिस्थिती प्रत्यक्षात सुधारली आहे. काकूच्या वाक्यात एक तत्त्व आहे, तिला ते कळलेलं नाही, मला कळलंय. फराळ हे काम नाही. मग तास शून्यच. मग नव्वद चौकोन बरोबर.

शनिवार, १५ फेब्रुवारी.

खुलासा पूर्ण. अकरा पानं. शीर्षक: सामूहिक सणपूर्व पाककृतीचे श्रमेतर स्वरूप. जर्मनमध्ये हे एकच शब्द म्हणून लिहिता येतं, म्हणून मला ही भाषा आवडते.

मुख्य मुद्दा: ६ ते १२ नोव्हेंबर दरम्यान कर्मचारी तिथे कर्मचारी म्हणून नव्हते. ते पाहुणे होते. वहीतल्या सह्या सवयीने झाल्या.

पुरावा म्हणून मराठी ग्रुपवरचे संदेश जोडले, जर्मन अनुवादासह. जिव्हाळा दिसावा म्हणून. उदाहरणार्थ: ‘भास्करदादा पहाटेपासून उभे आहेत, सलाम!’ आणि ‘चकली एक नंबर, अजून पाच डबे मिळतील का?’

पाठवण्याआधी भास्करदादाला वाचून दाखवलं. पाहुणा या शब्दावर त्याने हातातलं फडकं ठेवलं. म्हणाला, की सात दिवस दहा-दहा तास कढईपुढे उभा होतो, पायाला सूज आली होती, आणि मी पाहुणा? पाहुण्याला पाणी तरी विचारतात.

मी त्याला सांगितलं, की हे वैयक्तिक नाही, ही कायदेशीर संज्ञा आहे. आणि हे तुझ्यासाठीच चाललंय. तो म्हणाला, की माझ्यासाठी करताय तर मी सांगतो ते लिहा. काम केलं. सात दिवस. तेवढं लिहा. जे कापायचं ते कापतील.

भावनेच्या भरात माणूस स्वतःच्या हिताविरुद्ध बोलतो. अपलोड केलं, ५:१५.

संकल्प ब औपचारिकरीत्या रद्द. काकूने साबुदाण्याची खिचडी डब्यात भरून दिली. डबा परत करायचा असतो, म्हणजे ते उसनं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. सकाळी ११:२०.

आम्टमधून फोन. बाई होत्या, आवाज तरुण. बोलणं अतिशय उत्तम झालं.

त्यांनी विचारलं, की हे पाहुणे त्यांच्या नेहमीच्या कामाच्या जागी, नेहमीच्या वेळेला, नेहमीचं काम करत होते का? मी म्हणाले, गेनाऊ, अगदी तेच, पण सणाच्या भावनेने. त्या म्हणाल्या, इंटेरेसांट.

त्यांनी विचारलं, की पाहुण्यांनी केलेले दोनशे बारा डबे गल्ल्यावर विक्री म्हणून नोंदलेले आहेत का? मी म्हणाले, माझे काका प्रामाणिक आहेत, एकही डबा सुटलेला नाही. त्या म्हणाल्या, इंटेरेसांट.

त्यांनी शेवटी विचारलं, की पाटील यांचंही हेच म्हणणं आहे का? मी म्हणाले, ते स्वयंपाकी आहेत, त्यांना या संज्ञा माहीत नाहीत. इंटेरेसांट.

एकूण तीन वेळा. अकरा मिनिटांत. खरी उत्सुकता असल्याशिवाय सरकारी माणूस असं म्हणत नाही. काकाला कळवलं. काका म्हणाला, की चाळीस वर्षं इथे आहे मी, जर्मन माणूस इंटेरेसांट कधी म्हणतो ते मला माहीत आहे. आणि फोन ठेवला. गुडघे दुखत असतील.

गुरुवार, ६ मार्च.

पत्र. या वेळी दीड पान.

तक्ते आणि खुलासा, ही दोन निवेदनं एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे केवळ नोव्हेंबर नव्हे, २०२० आणि २०२१मधले सगळे महिने तपासण्यासाठी प्रकरण दुसऱ्या विभागाकडे दिलं आहे. कर्मचाऱ्यांना स्वतंत्रपणे विचारलं जाईल. निर्णय उन्हाळ्याआधी अपेक्षित नाही.

सकारात्मक बाजू: माझ्या लिखाणाची दखल वरच्या पातळीवर घेतली गेली.

दुसरी बाजू विचारात घेतेय.

शनिवार, ८ मार्च.

काका माझ्या नकळत फ्राउ हेगेलेंकडे गेला. नंतर मलाही बोलावलं. त्यांच्या ऑफिसात भिंतभर फायली आणि एक म्हातारा कुत्रा. त्यांनी माझी चौसष्ट आणि अकरा अशी पंचाहत्तर पानं वाचली. सगळी. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी वेळ मोजत होते. चार मिनिटं.

मग म्हणाल्या, की बंदी टेबलांवर होती. कढईवर कोणी बंदी घातली नव्हती. पार्सल करायला परवानगी होती, फक्त केलेले तास सांगायचे होते. बाकीचे तेवीस दिवस तिघंही खरोखर घरी होते, त्या दिवसांचे पैसे आणि हप्ते कोणी मागितले नसते. सात दिवसांचे परत करायचे. असा एक फॉर्म असतो, दोन पानांचा. करोनाच्या गडबडीत निम्म्या गावाने चुकीचे तास कळवले होते आणि निम्म्या गावाने तो फॉर्म भरला. तीन आठवड्यांत निकाल.

मी विचारलं, की तो आता भरता येईल का? त्या म्हणाल्या, की भरू, आजच भरू, पण आता तो रांगेत तुमच्या अकरा पानांच्या मागे उभा राहील.

परत येताना गाडी काकाने चालवली. मला घरी सोडलं. वर आला नाही, याचं कारण पार्किंग असावं.

शनिवार, १५ मार्च.

बँकेचं भास्करदादाला उत्तर आलं. कागद नाही तर कर्ज नाही, कागद आल्यावर पुन्हा या. क्नोडलरची ३१ मार्च मात्र जागेवरच आहे.

भास्करदादाने झिंडेलफिंगेनला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चौकशी केली. मला काकूने सांगितलं. काकू हेही म्हणाली, की मी कशाला त्या दिवशी फराळ फराळ करत बसले, काम केलं म्हणाले असते तर जीभ झडली असती का? मी तिला म्हणाले, तुझी चूक नाही, माहिती तू दिली होतीस, ती मी गाळली. वाक्य तोंडातून गेलं. परत घेण्याची पद्धत सापडली नाही.

काकूने जेवायला वाढलं. बसून जेवले.

आलेख पुन्हा उघडला. नोव्हेंबर, विचलन १.३. दहा तास उभं राहून, पाय सुजलेले असताना. मी याला हात बसलेला म्हटलं होतं.

शनिवार, २२ मार्च. दुपारी २:१०.

नवीन योजना. आम्टचा वेग माझ्या हातात नाही, क्नोडलर आहे. मुदत वाढवून घ्यायची. पत्राचा मसुदा तयार केला: चव्वेचाळीस ओळी, बॉबलिंगेनच्या खाद्यसंस्कृतीचा आढावा, जुगाराच्या मशीनचे सामाजिक दुष्परिणाम, दोन आलेख. भास्करदादाकडे घेऊन गेले, कारण जागा त्याला हवी आहे, आणि या वेळी आधी विचारायचं ठरवलं होतं. विचारलं: जागा अजून हवी आहे का? हो, म्हणाला. कँटीनचं? कँटीनमध्ये बटाटे सोललेलेच येतात, तिथे माणूस काय करणार, म्हणाला.

मग त्याने कानावरचं पेन काढलं आणि मसुद्यातल्या चाळीस ओळी खोडल्या. काही शैलीविषयक सूचना मी मान्य केल्या. पत्र मूलतः माझंच आहे.

उरलेल्यात एक वाक्य असं होतं, की दरम्यान कार्यालयाला काही चुकीची माहिती दिली गेली. त्याने त्यावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, की कोणी? दुरुस्त केलं.

खाली त्याची सही, खाली माझी. आत्ता पोस्टात टाकते, पेटी ३ वाजता उघडतात. प्रत इथे:

हेर क्नोडलर, तुमच्या जागेतलं रेस्टॉरंट चालवायला घ्यायची भास्कर पाटील यांची इच्छा कायम आहे. बँकेला हवा असलेला कागद उन्हाळ्यापर्यंत मिळणार नाही, कारण त्यांनी नोव्हेंबर २०२०मध्ये केलेल्या कामाबद्दल मी, ऊर्जा, आम्टला चुकीचं लिहिलं. जागा ३० सप्टेंबरपर्यंत त्यांच्यासाठी राखून ठेवाल का? कृपया शुक्रवार, २८ मार्चपर्यंत उत्तर द्यावं.